रोइंग मशीनवर टीम करून कृष्णा पार करतोय, पण टीमच फुटायला लागलीय

आयर्विनखालचा | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी नमस्कार. जरा लांबड लागेल, सांभाळून घ्या.

आम्ही सहा जण सांगलीतल्या एका जिममध्ये जातो. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात असतो, बाकी एक बँकेतले साहेब, एक इंजिनिअरिंगचं पोरगं, एक ट्रान्सपोर्टवाले दादा (९६ किलो, मनानं सोनं), एक शाळेतल्या मॅडम आणि एक नुकताच लग्न झालेला, जो कधी येतो कधी नाही. जिममध्ये दोन रोइंग मशीन आहेत, कॉन्सेप्ट टू कंपनीची, पंख्यावर चालणारी. कोण त्यांच्याकडं बघायचं पण नाही, टॉवेल वाळत घालायला वापरायचे.

डिसेंबरच्या सुरवातीला चहा पिताना कल्पना निघाली की मशीनवर मीटर दिसतातच, तर सहा जणांचे मीटर एकत्र करून कृष्णा पार करायची. महाबळेश्वरला उगम, आंध्रात हंसलादेवीला समुद्र, साधारण १४०० किमी. भागिले सहा म्हणजे माणशी २३३. आठवड्यातनं चार दिवस चार-साडेचार किमी मारलं तर चौदा आठवड्यात काम खल्लास, पाडव्याला समुद्रात! जिमच्या भिंतीवर कागद लावला, त्यावर निळ्या पेनानं नदी काढली, वाई, माहुली, कऱ्हाडचा प्रीतिसंगम, औदुंबर, हरिपूर, नरसोबाची वाडी. पुढची गावं काढताना हात जरा आखडला कारण कर्नाटकात नदी कुठनं वळती कुणाला माहीत नव्हतं.

पहिले तीन आठवडे नाद खुळा. लोक जिममध्ये आल्या आल्या कागद बघायचे. आता सात आठवड्यात ७१२ किमी झालेत, अलमट्टी केव्हाच मागं पडलं. म्हणजे गणितानं आम्ही बरोबर चाललोय. आणि तरी सगळं बिघडलंय.

दादा डँपर (पंख्याची हवा कमीजास्त करायची बाजूची पट्टी) १० वर ठेवून असं ओढतात की मशीन फरशीवरनं सरकतं. पोरगं मिनिटाला ३६-३८ झटके मारतंय. बँकेच्या साहेबांची कंबर गेली, दहा दिवस घरी. ग्रुपवर रोज स्क्रीनचे फोटो पडतात आणि त्याखाली 'काल मी सहा मारले, तू किती' चालू. लग्न झालेल्यानं त्याच्या मेव्हण्याला बसवून मीटर आपल्या नावावर टाकले असा आरोप झाला, तो खरा निघाला. मॅडम गेला आठवडा आल्याच नाहीत.

टीम म्हणून मशीनवर सराव नक्की करतात कसा? का नुसती बेरीजच करायची? कुणी केलंय का?

भडंग_स्पेशल | सोमवार, रात्री १०:५८

मेव्हण्याला नदी पार करून दिली, पुण्य लागेल 😂

वल्हंवाला | सोमवार, रात्री ११:२०

घरापास्नं अर्ध्या किमीवर खरी कृष्णा आहे आणि तुम्ही बंद खोलीत बसून खोटी कृष्णा पार करताय. मी सांगलवाडीचा, पंधरा वर्षं होडीच्या शर्यतीत वल्हं मारलंय. या की पाण्यावर.

आयर्विनखालचा | सोमवार, रात्री ११:३१

काका पाण्यावर यायला माझी ना नाही, पण मगरींचं काय ते तुम्हीच सांगा. भिलवडीपास्नं डिग्रजपर्यंत दर वर्षी बातमी असते. शिवाय मॅडमना आणि साहेबांना पोहता येत नाही.

वल्हंवाला | सोमवार, रात्री ११:३६

मगर होडीत चढत नाही. पण पोहता येत नसंल तर नको, ते बरोबर आहे.

तानपुरा_मिरज | मंगळवार, सकाळी ७:१५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, मिरजेत. बँकेच्या साहेबांबद्दल आधी. कंबरेतनं कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील तर इथं विचारत बसू नका, डॉक्टरला दाखवा. नुसती कंबर धरली असेल तर बहुतेक वेळा कारण मशीन नसतं, ओढायची पद्धत असते.

माझ्याकडे येणाऱ्यांत दोन चुका सारख्या दिसतात. पहिली, पाय ढकलताना बूड मागे निघून जातं पण हँडल जागेवरच राहतं. म्हणजे पायाचा जोर हँडलपर्यंत पोचतच नाही आणि मग उरलेलं सगळं कंबरेनं उपसायचं. दुसरी, पुढे जाताना जास्त मीटर मिळतील म्हणून पाठीची कमान करून हात लांबवायचे. पुढे जायचं ते खुब्यातनं वाकून, पाठ लांब ठेवून, नडग्या उभ्या झाल्या की थांबायचं. त्याच्यापुढे टाचा उचलून घुसायचं नाही.

क्रम एवढाच: पाय, मग कंबर, मग हात. परत येताना उलटं: हात, कंबर, पाय. परत येताना गुडघे आधी वर आले तर हँडल गुडघ्यांवरनं उडी मारून न्यावं लागतं, साखळी वरखाली नाचते. ती नाचताना दिसली की समजायचं क्रम चुकला. साखळी सरळ रेषेत गेली आली पाहिजे. शेवटी मागे किती झुकायचं, तर घड्याळातल्या बारावरनं अकरावर जाईल एवढंच. तुमचे दादा बहुतेक नवावर जात असतील.

आयर्विनखालचा | मंगळवार, सकाळी ९:०५

ताई, दादा साडेआठला जातात. झोपतातच जवळजवळ.

फौजी_कोरेगाव | मंगळवार, दुपारी २:१०

जय हिंद. सातारा जिल्ह्यातला आहे, रिटायर्ड. नोकरीत असताना पुण्याला सीएमईमध्ये (सैन्याचं इंजिनिअरिंग कॉलेज) काही वर्षं रोइंग केलं, मेडल वगैरे काही नाही, पण मशीनवर (आम्ही एर्ग म्हणायचो) आयुष्य गेलं. तुमचा धागा वाचून हसू आलं आणि जरा रागही आला. मोकळेपणानं लिहितो.

डँपर १० म्हणजे जास्त व्यायाम ही समजूत आधी काढा. ती बाजूची पट्टी फक्त पंख्याच्या पिंजऱ्यात किती हवा शिरणार ते ठरवते. हवा जास्त गेली की पंखा लवकर थांबायला बघतो, दर वेळी नव्यानं फिरवावा लागतो. वाळूनं भरलेली होडी हाकल्यासारखं. ३ ते ५ वर ठेवलं की हलकी होडी, ती सुटते पटकन, तुम्हाला तिच्या मागं पळावं लागतं. जोर किती लावला ते मशीन दोन्हीकडं बरोबर मोजतं, पट्टीच्या आकड्याचे मार्क मिळत नाहीत. आणि तुमच्या दोन मशीनवर ४ चा अर्थ एकच असेलच असं पण नाही, जाळीत धूळ बसली की हवा कमी जाते. स्क्रीनवर मोअर ऑप्शन्समध्ये ड्रॅग फॅक्टर, म्हणजे पंख्याला हवा खरोखर किती अडवतेय तो आकडा, दाखवायची सोय आहे. पट्टी विसरा, दोन्ही मशीन ड्रॅग फॅक्टर ११५-१२० ला लावा, मग दोघं एकाच होडीत बसलेत असं म्हणता येईल.

आता पोराबद्दल. त्याला सांगा की ताकद आणि वेग यांचं नातं सरळ नसतं, घनाचं असतं. ५०० मीटरला २:३० लागत असतील तर साधारण १०४ वॉट. २:०० करायचे तर २०३ वॉट. अर्धा मिनिट कमी करायला जवळपास दुप्पट ताकद. म्हणून पहिल्या पाच मिनिटात उसळून नंतर मेलेल्या माणसाला एकसारखं चालणारा हरवतो. मिनिटाला १८ ते २० स्ट्रोक, ढकलायला एक भाग वेळ, परत यायला दोन भाग. परत येणं ही विश्रांती आहे, ती फुकट मिळते, ती पोरगं घेतच नाही.

मुख्य मुद्दा. मशीनवर प्रत्येकाला त्याचा स्वतःचा आकडा दिसतो. म्हणून सहा जणांची बेरीज केली की टीम झाली असं वाटतं. होडीत कुणालाच स्वतःचा आकडा दिसत नाही, होडीचा एकच वेग असतो. तिथं एखादा हत्ती अर्धा सेकंद आधी ओढतो तेव्हा होडी पुढं जात नाही, अडखळते. मशीन ही चूक झाकतं. तुमचे दादा आणि मॅडम शेजारी बसून वेगवेगळं ओढले तरी दोघांचे मीटर जमा होतात ना, तिथंच तुमची गडबड आहे.

एक करून बघा. दोन्ही मशीन शेजारी, ड्रॅग सारखा, दोन्ही स्क्रीनवर टॉवेल टाका. एकानं ठेका धरायचा, मिनिटाला १८. दुसऱ्यानं त्याच्या खांद्याकडं बघत, पंख्याचा आवाज ऐकत मागनं यायचं. दोन्ही पंखे एकदम 'हूंऽऽ' करायला पाहिजेत. दहा मिनिटं. मीटर लिहायचे नाहीत.

पुणेकर_तात्पुरता | मंगळवार, दुपारी ३:४४

एक भर. मशीनखाली बसवायच्या स्लाईड्स मिळतात, त्यावर दोन-तीन मशीन एकामागे एक जोडता येतात आणि सगळी मिळून पुढेमागे सरकतात. मग कुणी चुकलं की लगेच धक्का बसतो. पण महाग आहेत, जिमवाला घेणार नाही.

भडंग_स्पेशल | मंगळवार, दुपारी ४:०२

आमचा जिमवाला तीन महिने झाले पंख्याचं रेग्युलेटर बदलंना, स्लाईड्स कुठनं घेणार

कृष्णामाई_२१ | मंगळवार, रात्री ९:३०

नमस्कार. मी त्या मॅडम 🙂 धागा कुणीतरी पाठवला मला. आयर्विनखालचा म्हणजे कोण ते हळदीवरनं लगेच कळलं.

मी रुसून वगैरे बसले असं नाही. माझं वजन ५२ किलो. शाळा सुटल्यावर, पेपर तपासून, घरचं आवरून येते. मी जीव खाऊन ५००० मीटर मारते तोवर दादा तेवढेच मारून पाणी पीत असतात, आणि मग कुणीतरी हसत म्हणतं 'मॅडम, नदीला जरा गती द्या'. वाईट हेतूनं म्हणत नाहीत, माहितीय मला. पण रोज ऐकलं की मन उडतं. दोन हजार मीटरची टेस्ट घेतली तेव्हा दादांना ८:०५ लागले, मला ९:२०. भिंतीवर सगळ्यांची नावं क्रमानं लावली. शाळेत मुलांची अशी यादी आम्ही लावायची बंद केलीय.

फौजी_कोरेगाव | मंगळवार, रात्री १०:१५

मॅडम, एर्गवर वजनदार माणसाचा फायदा असतो, कारण त्याचं वजन सीटखालची पट्टी उचलते. पाण्यावर ते वजन होडीला वाहावं लागतं. म्हणून वजनाप्रमाणे वेळ सुधारायचं एक सूत्र आहे. वजन पौंडात घ्यायचं, २७० नं भागायचं, आलेल्या आकड्याचा ०.२२२ घात काढायचा आणि त्यानं वेळेला गुणायचं. तुमचे दोन्ही आकडे घातले. दादा ९६ किलो, ८:०५, ते होतात जवळपास ७:३९. तुम्ही ५२ किलो, ९:२०, ते होतात ७:४३.

चार सेकंद. हा कागद भिंतीवर लावा.

कृष्णामाई_२१ | मंगळवार, रात्री १०:२१

हा मेसेज दोनदा वाचला. आणि नवऱ्याला वाचून दाखवला.

वल्हंवाला | बुधवार, सकाळी ६:५०

फौजीसाहेबांनी लाखातलं सांगितलं. आता माझं ऐका. आमच्या होडीत आम्ही पुढं तोंड करून बसतो, तुमच्या रोइंगमध्ये पाठ पुढं असते, पण ठेका तोच. आमचा पुढचा गडी अंगानं काडी होता. पैलवान पोरं मागं. नवीन पोरगं आलं की त्याला वाटायचं आपण जोर दाखवावा. एकदा सरावाला असाच एक तालमीतला गडी घेतला, त्यानं उजवीकडनं असं वल्हं हाणलं की होडी पुलाच्या खांबाजवळ आडवी. बाकीचे सगळे शिव्या देत सरळ करतायत आणि हा अजून हाणतोयच, त्याला वाटतंय आपणच नेतोय. उतरल्यावर वस्तादांनी त्याला काय बोलले नाहीत. नुसतं दुसऱ्या दिवशी काठावर बसवलं आणि म्हणाले डोळे मिट, आवाज ऐक. सगळी वल्ही एकदम पाण्यात पडली की एकच 'छप्' येतो. चार 'छप्' आले की होडी हरली. आठ दिवस बसला बिचारा काठावर.

मॅडमना पुढं बसवा.

पुणेकर_तात्पुरता | बुधवार, सकाळी ११:००

दत्तू भोकनळ आठवले. दुष्काळी चांदवड तालुक्यातला माणूस, सैन्यात जाऊन रोइंग शिकला, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या होडीत १३वा आला. पण २०१८ च्या एशियाडला पालेमबांगला एकट्याच्या शर्यतीत काही जमलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी चौघांच्या होडीत सुवर्ण.

फौजी_कोरेगाव | बुधवार, दुपारी १:३०

बरोबर. स्वर्ण सिंग, ओमप्रकाश, सुखमीत आणि दत्तू. आदल्या दिवशी थकून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यावर परत बसतो, कारण बाकी तिघं त्याच्या भरवशावर असतात. एकट्याचं असतं तर कदाचित खोलीतच पडून राहिला असता, पण हे माझं मत.

नवखा_इस्लामपूर | बुधवार, संध्याकाळी ६:१०

मशीनच्या साखळीला तेल कुठलं घालायचं? आमच्या जिममध्ये करकर आवाज येतोय.

फौजी_कोरेगाव | बुधवार, संध्याकाळी ६:४०

साधारण ५० तास वापर झाला की साखळीला तेल. शुद्ध मिनरल ऑईल किंवा थ्री-इन-वन. कापडावर घेऊन पुसायचं, वरनं ओतायचं नाही. डब्ल्यूडी-फोर्टी मारू नका, कंपनीच नको म्हणते. आणि सीट सरकते त्या पट्टीला तेल अजिबात नाही, ती फक्त रोज ओल्या फडक्यानं पुसायची. काळी घाण दिसली की सीट गचके खाते.

आयर्विनखालचा | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी १२:५०

मंडळी, रिपोर्ट देतो.

त्या बुधवारीच टॉवेल टाकून बघितलं. एका मशीनवर मॅडम, दुसऱ्यावर दादा. ड्रॅग फॅक्टर बघितला तर एक मशीन डँपर ४ वर ११८ दाखवतंय, दुसरं ९७! जाळी उघडून बघितली तर आत गोधडी भरता येईल एवढा कापूस. साफ केल्यावर जागेवर आलं. म्हणजे इतके दिवस त्या मशीनवर बसणारा नेहमी डँपर वाढवायचा आणि कुणाला कळत नव्हतं का.

दादा पहिली दोन मिनिटं वैतागले. मिनिटाला १८ म्हणजे त्यांना झोप येते म्हणाले. एक ओढून झालं की मॅडम परत येतायत येतायत अजून येतायत, आणि हे पुढं जाऊन बसलेले, हात लांब करून, वाट बघत, जसं एसटी फलाटाला लागायच्या आधीच दारात उभं राहतात तसं. मग हळूहळू काय झालं सांगतो, कारण मी मागं उभा होतो. आधी दोन पंख्यांचा आवाज एकावर एक पडत होता, हूं-हूं, हूं-हूं, ढोल पथकात नवीन पोरगं असल्यासारखं. सहाव्या मिनिटाला कधीतरी तो एक झाला. जिममध्ये ट्रेडमिलवरचे दोघं वळून बघायला लागले. दादांचं तोंड एकदम गंभीर, देवळात असल्यासारखं. दहा मिनिटं झाली तर थांबेनात, चौदाव्याला थांबले. टॉवेल काढून ५०० चा वेळ बघितला तर दादांचा २:१२, घाम कमी, आणि कंबर मागं कुठं झुकलीच नाही. मॅडमचा २:२९. आकडे वेगळे, आवाज एक.

आता मंगळवार, गुरुवार जोडीनं, मीटर न लिहिता. बाकी दोन दिवस मीटर मोजतो, पण भिंतीवर फक्त नदी आहे, नावं काढून टाकली. फौजीसाहेबांचा चार सेकंदवाला कागद मात्र आहे, तो दादांनीच चिकटवला. पोरगं सुधारलं असं म्हणत नाही, पण ३६ वरनं २६ वर आलंय. साहेबांची कंबर ठीक आहे, तानपुरा ताईंकडं जाऊन आले, आता १५ मिनिटंच बसतात. मेव्हण्यानं स्वतः वर्गणी भरून जिम लावलं, सातवा गडी मिळाला!

आज सकाळी रिले केला. दोन मशीन, दोन टीम, २५० मीटर झाले की उठायचं, दुसऱ्यानं बसायचं, एकूण ५०००. ओढण्यापेक्षा उतरण्यातच जास्त वेळ जातो हो. पायाचे पट्टे सुटेनात. मग एक जण पट्टे सोडायलाच खाली बसवला, गुडघ्यावर, एफ-वनमध्ये टायर बदलतात तसं.

वाईट बातमी पण सांगतो. आकडा ८९४ वरच आहे. पूर्वी आठवड्याला शंभर व्हायचे, आता साठ होतायत. पाडव्याला समुद्र काही दिसत नाही.

भडंग_स्पेशल | रविवार, दुपारी १:०५

अक्षय तृतीया पकडा. आंबे पण आलेले असतील

तानपुरा_मिरज | रविवार, दुपारी २:२०

साहेबांना सांगा गुरुवारी यायचं राहिलंय.

फौजी_कोरेगाव | रविवार, संध्याकाळी ५:३०

शाब्बास. साठ बास झाले. आता एक दिवस दादांना मॅडमच्या मागं २४ वर बसवा, मग बघा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकला शर्यत २००० नाही, १५०० मीटरची आहे, तर टेस्ट पण १५०० चीच घ्या, लोक कमी घाबरतात.

आयर्विनखालचा | रविवार, संध्याकाळी ५:५५

घेतो साहेब. काका, तुम्ही कधी येताय मशीन बघायला? पावसाळ्याच्या आत या, २०२१ ला आयर्विन पुलाला ४५ फुटाच्या वर पाणी गेलं तेव्हा ही दोन मशीन मधनं दोन तुकडे करून जिन्यानं वर चढवली होती जिमवाल्यानं, यंदा पण चढवावी लागतील.

वल्हंवाला | रविवार, संध्याकाळी ६:२५

आलो होतो की सकाळी. रिले बघून गेलो, दारातनंच. पट्टे सोडायला बसलेला तो बारका पोरगा कोण? त्याला माझ्याकडं पाठवा, पोहता येतं का विचारा आधी.

कृष्णामाई_२१ | रविवार, रात्री ९:१०

तो मेव्हणा आहे काका 😂 येतं त्याला पोहता.

आणि एक, आज साखळीला खोबरेल तेल कुणी लावलंय? सगळ्या जिमला वास येतोय.